चिठ्ठीवरचे अठरा खटके

मी एक जुनी रायफल आहे, मित्रांनो. माझी नळी आखूड आहे, पण मारा लांबचा. मला घाबरू नका असं मी मुळीच म्हणणार नाही. घाबराच. मी स्वतःसुद्धा स्वतःला घाबरते, आणि का घाबरते तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

माझी मालकीण हिनेवाई. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर डोंगरात तिचं मेंढ्यांचं मोठं कुरण आहे. धाकटा भाऊ रेवी तिच्याबरोबर राबतो. पूर्वी माझी नळी चांगली लांब होती. हिनेवाईच्या खोगिराला लावलेल्या म्यानातून ती बाहेर डोकवायची आणि प्रत्येक काटेरी झुडपात अडकायची. त्यात पुढे सायलेन्सर लावला की मी बंदूक कमी आणि वल्हं जास्त दिसायचे. शेवटी वैतागून हिनेवाई मला डुगलकडे घेऊन गेली. डुगल म्हणजे गावातला म्हातारा बंदूक-दुरुस्तीवाला.

"नळी आखूड बसवतो," डुगल म्हणाला, "पण मग काडतूसही बदलावं लागेल बरं का."

"का?" रेवीने लगेच फाटे फोडले. "हे मोठं काडतूस काय वाईट आहे?"

"अरे बाबा, त्यात दारू भरपूर. ती जळायला नळी लांब लागते. आखूड नळीत बरीचशी दारू तोंडाशी येऊन नुसती भडकते. डोळ्यांपुढे उजेड, कानात दडे, आणि गोळीला जोर नाहीच. त्यापेक्षा हे छोटं घे. दारू कमी, पण सगळी कामाला येते. गोळी जड आणि निमुळती, लांबवर वेग धरून ठेवते."

"एवढंसं? ससे मारायला निघालोय का आपण?"

"तू ससासुद्धा चुकवतोस, रेवी," हिनेवाई म्हणाली. "डुगल, छोटंच बसवा."

माझी नवी नळी छान झाली. निघताना डुगलने माझ्या दस्त्यावर थाप मारली. तिथे एक चिठ्ठी चिकटवलेली होती. किती अंतराला नेम वर उचलायला माझ्यावरच्या दुर्बिणीची चकती किती खटके फिरवायची, ते रेवीने तिच्यावर पूर्वी लिहून ठेवलं होतं.

"ही चिठ्ठी आजच फाडा," डुगल म्हणाला. "हे आकडे जुन्या काडतुसाचे आहेत. नवी गोळी थोडी सावकाश जाते, म्हणून लांबवर जास्त खाली येते. नव्याने नेम लावून बघा आणि नवे आकडे लिहा."

ते काम रेवीने अंगावर घेतलं. शंभर मीटरवर पाच गोळ्या झाडल्या, नेम जुळवला. तेवढ्यात पाऊस आला आणि तो मला काखोटीला मारून घरात पळाला.

"नवी चिठ्ठी लावलीस?" हिनेवाईने चुलीजवळून विचारलं.

"झालं, झालं," रेवी म्हणाला. त्याचं तोंड पावाने भरलेलं होतं.

पण मित्रांनो, चिठ्ठी जुनीच होती. सगळे माझं कौतुक करत. किती हलकी, किती सुटसुटीत! जवळच्या शिकारीत काही बिघडायचंही नाही. पण दस्त्यावरचा तो खोटा कागद मला सतत टोचायचा. मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

शरद ऋतूत मेंढ्या खाली आणायचे दिवस आले. त्या सकाळी घळीच्या कडेला कुत्री थबकली आणि केकाटू लागली. पलीकडच्या कड्यावर, नदीच्या वर, एका अरुंद कपारीत कोवाई पडली होती. कोवाई ही हिनेवाईची पिवळसर घोडी, बावीस वर्षांची. काम सोडून तिला पलीकडच्या गवतात मोकळं ठेवलं होतं. वरची दरड खचून ती घसरली असावी. पुढचा एक पाय भलत्याच ठिकाणी वाकला होता. ती उठायला बघायची आणि पुन्हा कोसळायची.

"पुलावरून वळसा घालून तिच्यापर्यंत पोचायला पाच तास लागतील. आणि घोडीचा असा मोडलेला पाय जुळत नाही," रेवी पुटपुटला.

"पाच तास ती असं सोसणार?" हिनेवाईचा आवाज फाटला. तिने मला म्यानातून काढलं. खिशात तीनच काडतुसं होती. अंतर मोजलं. तीनशे दहा मीटर. मग तिने माझ्या दस्त्याकडे पाहिलं आणि चकती फिरवायला लागली. टक, टक, टक. अठरा खटके.

मी थरारले. आता गोळी वीतभर खाली जाणार. कपाळाऐवजी जबड्यात. मग ती आणखी किती वेळ तडफडेल? थांब बाई, थांब! हिनेवाई आडवी झाली. तिचा गाल माझ्यावर टेकला, ओला होता. बोट चापावर गेलं.

"हिने, थांब!" रेवी ओरडला. "ती चिठ्ठी जुनीच आहे. मी बदललीच नाही."

तिने मान वर केली. क्षणभर वाटलं, ती त्याला घळीत ढकलून देईल.

"झालं म्हणालास ना तू मला?"

"खोटं बोललो." रेवी पोरासारखा रडत होता. "आळस केला गं."

हिनेवाई पुन्हा दुर्बिणीला डोळा लावून पलीकडचा कडा न्याहाळू लागली. कोवाईपासून दूर, पण तेवढ्याच अंतरावर, एक पांढरा दगड होता. तिने अठरा खटक्यांवरच त्याच्यावर गोळी झाडली. वीतभर खाली धूळ उडाली. दोघं त्या धुळीकडे बघत राहिली. मग तिने सहा खटके आणखी फिरवले आणि दुसरी गोळी सोडली. दगडाच्या मधोमध टवका उडाला. एकच काडतूस उरलं.

कोवाई मान झटकत होती. ती स्थिर व्हायला हवी होती. पूर्वी रोज संध्याकाळी तिला बोलवायला घालायची ती शीळ घालायला हिनेवाईने ओठ मुडपले, पण नुसती हवा आली.

"तू घाल," ती रेवीला म्हणाली.

रेवीने डोळे पुसून शीळ घातली. कोवाईने कान टवकारले, मान वळवली आणि आमच्याकडे बघत अगदी शांत राहिली.

शेवटची गोळी सुटली. कोवाईला काही कळलं नाही. तेवढं एक मला सांगता येतं.

आता मी बहुतेक दिवस कुलूपबंद लोखंडी कपाटात असते, मित्रांनो. माझ्यासारख्या वस्तू तिथेच बऱ्या. तुम्हाला माझी एकच विनवणी आहे. कुणी तुमच्यावर विसंबून काम सोपवलं, तर ते पुरं केल्याखेरीज "झालं" म्हणू नका. राहिलं असेल तर "राहिलं" म्हणा. रेवीने ते अगदी शेवटी म्हटलं, पण म्हटलं.

नवी चिठ्ठी त्यानेच लिहिली आहे. तीन दिवस कुरणावर पडून, प्रत्येक अंतराला गोळी झाडून, मोजून. सगळ्या ओळींत नुसते आकडे आहेत. एका ओळीत मात्र तीनशे दहा, चोवीस खटके, आणि पुढे बारीक अक्षरात कोवाईचं नाव आहे.