मापाचा जुना ब्लाउज

मी शिवणकाम करते. गल्लीतल्या निम्म्या बायकांच्या छातीचं माप मला तोंडपाठ आहे, आईचं मात्र नाही. ती मापाला एक जुना ब्लाउज पाठवते. "लेकीपुढे कसली हात वर करून उभी राहू!" म्हणते. मला वाटायचं, लाजते.

माझ्या छातीत गाठ हाताला लागली तेव्हा पहिल्यांदा तिलाच सांगितलं. "जाईल आपोआप," ती म्हणाली. मी चार महिने अंगावर काढले. शेवटी तपासणीला गेले, तर फॉर्मवर प्रश्न होता: घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर? "आपल्यात कुणाला नाही गं," सोबत आलेली आई म्हणाली. मी 'नाही'वर खूण केली.

भुलीचं इंजेक्शन झोंबलं, मग जागा बधिर झाली. "खटका वाजेल, दचकू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तपासायला सुईने गाठीचे पाच तुकडे काढले, पाच खटके. नर्सने दहा मिनिटं जागा दाबून धरली, वर पट्टी चिकटवली आणि सूचनांचा कागद दिला. रिपोर्ट आठवड्याने मिळणार होता.

घरी आले. कागद अजून पर्समध्येच होता, आणि आई टॉवेलात बर्फ गुंडाळत होती. "नुसता लावू नकोस. आतलं घट्ट घालूनच झोप, नाहीतर ओढ बसते. त्या हाताने बादली उचलू नकोस. काळंनिळं पडेल, मग पिवळं होऊन जातं."

"तुला कसं माहीत?"

"ऐकीव."

"ओढ बसते, हेही ऐकीव?"

ती स्टुलावर बसली. "तू कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतीस. मी मावशीकडे महिनाभर गेले होते ना, तेव्हा. डावी बाजू काढली."

म्हणजे मापाचा ब्लाउज ऑपरेशनच्या आधीचा होता. वीस वर्षं मी शिवलेल्यात ती कापूस भरत होती!

"आधी तुझी परीक्षा, मग लग्न, मग बाळंतपण. राहूनच गेलं बघ."

सख्ख्या आईने माझा केसाने गळा कापला होता. मी हॉस्पिटलला फोन लावला. "फॉर्ममध्ये चूक झाली. माझ्या आईला झाला होता."

"बरं झालं सांगितलंत. तुम्हाला मुलगी आहे?"

"आहे. नववीत."

"तिलाही मोठी झाल्यावर तपासण्या लागतील. तिला माहीत असू द्या."

फोन ठेवला. आईने माझं मनगट धरलं. "तिला नको गं एवढ्यात. परीक्षा आहे तिची."

मी हात सोडवून घेतला आणि आतल्या खोलीकडे वळून पोरीला हाक मारली.