बारीकचं बटण

“कोण हललं?” कानावरचे हेडफोन काढत ह्यांनी विचारलं.

मी स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसले होते, हात मांडीवर ठेवून. पंखा बंद, गॅस बंद, फ्रीजची पिनसुद्धा काढलेली. बाहेरच्या कडीला लाल फडकं बांधलेलं, म्हणजे शेजाऱ्यांनी बेल वाजवायची नाही. आमच्याकडे रेकॉर्डिंग सुरू झालं की घरात कुणी आजारी असल्यासारखं सगळं गप्प असतं.

“मी नाही हलले,” मी म्हटलं.

“मग तुझी खुर्ची करकरली, टपाल.”

“खुर्ची नाही, गुडघा आहे तो,” पोस्टमन भावोजी म्हणाले. “त्याला दाखव तुझं लाल फडकं.”

हे हसले. भावोजी म्हणजे ह्यांचे शाळेपासूनचे दोस्त. पस्तीस वर्षं दारोदार पत्रं वाटली आणि संध्याकाळी व्हायोलिन वाजवलं. हे त्यांना टपाल म्हणतात. हे बाटल्या भरायच्या कारखान्यात होते, म्हणून ते ह्यांना बाटली म्हणतात. दोघांची सत्तरी उलटली, नावं तीच राहिली.

हे आधी मँडोलिन वाजवायचे. बोटं आखडली तेव्हा मँडोलिन खिळ्याला टांगलं आणि ह्यांनी रेकॉर्डिंगचं खूळ घेतलं. आतल्या खोलीच्या भिंतींना अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवले. ते गोळा करायला दोन वर्षं लागली. अंडीवाल्याला वाटायचं, आमचा केकचा धंदा आहे. जुन्या उभ्या पंख्याच्या दांड्याला माइक लावला. जावयाने टाकून दिलेला कॉम्प्युटर आला, मग मिक्सर आला. आमच्या घरात दोन मिक्सर आहेत, एक ओट्यावर आणि एक ह्यांच्या टेबलावर. एक चालू असला की दुसरा बंद ठेवायचा, असा कायदा आहे.

ह्यांच्या मिक्सरला बटणंच बटणं. त्यांच्यावर इंग्रजीत काहीबाही छापलेलं, म्हणून मी पांढऱ्या चिकटपट्टीवर आपली अक्षरं लिहून लावली. जाड, मधला, बारीक. आवाजाचे हे तीन भाग ह्यांनीच मला शिकवले. पावलांचा आवाज जाड, माणसाच्या बोलण्याचा मधला, पैंजणाचा बारीक. अक्षरंही ह्यांनीच शिकवली, चाळिशीनंतर, कॅसेटवर चिकटवायच्या नावाच्या पट्ट्यांवर. लोक कमळापासून सुरू करतात, मी ‘व्हायोलिन’पासून केलं. ‘व्ह’ काढताना माझी जीभ बाहेर यायची, आणि भावोजी म्हणायचे, “वहिनी, जीभ आत घ्या, पट्टी ओली होतेय.”

त्या दिवशी भावोजी लेकीसाठी वाजवत होते. ती नुकतीच बाळाला घेऊन दूरच्या गावी राहायला गेली होती. लहानपणी ज्या सुरांवर झोपायची, ते वाजवून पाठवा म्हणून तिने फोन केला होता. धून भावोजींचीच, इनमीन चार ओळींची.

वाजवून झालं. ह्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि तोंड वाकडं केलं.

“टपाल, गजाला धार राहिली नाही रे. गोधडीत तोंड घालून वाजवल्यासारखं येतंय.”

“असं?” भावोजींनी गजाकडे पाहिलं. “पुन्हा घेतो.”

पुन्हा घेतलं. गज जोरात दाबून घेतलं. हे मान हलवत राहिले. शेवटी ‘बारीक’चं बटण त्यांनी उजवीकडे फिरवलं, थोडं, मग आणखी थोडं, मग पार शेवटपर्यंत, आणि त्यांचा चेहरा उजळला.

“आत्ता कसं! ऐक.”

त्यांनी स्पीकर लावला. ताटावर सुरी घासावी तसा आवाज खोलीभर झाला. माझे दात आंबले. मी भावोजींकडे पाहिलं. भावोजी आपल्या उजव्या हाताच्या बोटांकडे पाहत होते.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण मला दीड वर्षापासून माहीत होतं आणि दीड वर्ष मी गप्प होते. निवृत्त होताना कारखान्याने ह्यांना एक टेबलावरचं घड्याळ भेट दिलं होतं. रोज सकाळी सहाला ते बारीक आवाजात टीटीट टीटीट करतं. मी ते ऐकून उठते. हे आठला उठतात आणि म्हणतात, “मेला गजर पुन्हा बंद पडला वाटतं,” आणि अधूनमधून सेल बदलतात. सुरुवातीला मला गंमत वाटली. मग लक्षात आलं, नळ गळतो तो ह्यांना कळत नाही, नातीने फोनवर पाठवलेला चिमणीचा चिवचिवाट कळत नाही. जाड आवाज सगळे कळतात. गुडघा करकरलेला कळतो.

एकदा मी म्हटलंही, “कान दाखवून घ्या ना.” तर म्हणाले, “माझ्या कानांवर कारखाना चालायचा.”

ते खोटं नव्हतं. पट्ट्यावरून बाटल्या एकमेकींना घासत, खणखणत जायच्या. तेवढ्या गोंगाटात एखादी तडकलेली असली की हे डोळे मिटून बोट दाखवायचे, आणि ती तडकलेलीच निघायची. घरी पाहुणे आले की हाच खेळ. हे भिंतीकडे तोंड करून बसणार, कुणीतरी चमच्याने पेले वाजवणार आणि हे सांगणार, “तिसरा तडकलाय.” मला बघायला आले तेव्हाही माझ्या वडिलांना हेच करून दाखवलं. वडील म्हणाले, “मुलगा डोक्याने कसा आहे ठाऊक नाही, कानाने चांगला आहे.”

बोटं आखडल्यावर ह्यांच्याकडे कानच तेवढे उरले होते. ते कोणत्या तोंडाने मागून घ्यायचे?

चार दिवसांनी भावोजी आले. हातात व्हायोलिनची पेटी. हे घरी नव्हते, सेल आणायला गेले होते.

“बरं झालं, बाटली घरी नाही,” भावोजी म्हणाले. बसले. पाणी प्यायले. पंख्याकडे पाहिलं, हवेबद्दल बोलले. मी म्हटलं, “भावोजी, ताकाला येऊन भांडं लपवू नका.”

“लेकीचा फोन होता,” ते म्हणाले. “म्हणाली, बाबा, छान आहे. मी म्हटलं, खरं सांग. तर म्हणाली, बाबा, कानात सुई टोचल्यासारखं होतं, बाळ दचकून रडायला लागलं.” त्यांनी पेटी टेबलावर ठेवली. “बाटली म्हणतो गजाला धार नाही. मी दाबून वाजवतो तर लेक म्हणते टोचतं. म्हणजे हातच गेला, वहिनी. घरात हे दिसलं की हात शिवशिवतो. तुमच्याकडे ठेवा. रविवारी शाळेतली गाण्याची बाई येऊन घेऊन जाईल, तिच्या मुलांना होईल.”

“आधी मला वाजवून दाखवा,” मी म्हटलं.

“आता कशाला?”

“मी म्हणते म्हणून. इथेच, ओट्यापाशी.”

त्यांनी व्हायोलिन काढलं, खांद्याला लावलं आणि तेच वाजवलं. माझा नळ गळत होता, खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, आणि त्या सगळ्यातून ते सूर असे आले की मी हातातली पळी खाली ठेवायला विसरले. हात जरा थरथरतो त्यांचा, नाही असं नाही. पण त्या थरथरीनेच ती धून त्यांची झाली होती.

“हाताला काही झालेलं नाही तुमच्या,” मी म्हटलं.

“मग ते रेकॉर्डिंग?”

मी ओट्यावरचं फडकं उचललं, घडी घातली, पुन्हा उलगडलं. भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. पस्तीस वर्षं बंद पाकिटं हाताळलेला माणूस, आतलं न वाचता ओळखतो.

“कधीपासून?” त्यांनी विचारलं.

“दीड वर्ष झालं.”

त्यांनी व्हायोलिन पेटीत ठेवलं. खटका लावला.

“त्याला सांगू नका. माझं वाजवणं थांबलं तर एकाचंच थांबेल. त्याला हे कळलं, तर तो त्या खोलीत पाऊल टाकणार नाही. मी काय, फिरायला जाईन. पायांना सवय आहे.” दारात वळून म्हणाले, “ह्या कानाचं त्या कानाला कळू देऊ नका, वहिनी.”

“कानाचंच तर आहे सगळं,” मी म्हटलं. ते हसले, पण जिना नेहमीसारखा उतरले नाहीत. कठड्याला धरून एकेक पायरी उतरले.

हे आले. पेटी पाहिली.

“टपाल आलं होतं? हे इथे कसं?”

“वाजवणं सोडलं त्यांनी. रविवारी शाळेत देणार आहेत.”

“सोडलं?” हे मटकन खुर्चीत बसले. “मी म्हटलं ते मनाला लावून घेतलं की काय? अगं, पण खोटं कसं बोलू? धार नाहीच राहिली.” मग स्वतःशीच म्हणाले, “वय झालं त्याचं.”

हे शेवटचं वाक्य ते बोलले नसते, तर कदाचित मी आणखी दीड वर्ष गप्प बसले असते.

मी फळीवरून काचेचे दोन पेले काढले. एक रोजचा. दुसरा तडकलेला, त्यात मी पेन्सिली ठेवते. पेन्सिली ओतून टाकल्या आणि चमचा घेतला.

“तोंड करा भिंतीकडे.”

“आत्ता? हे काय भलतंच?”

“करा ना. किती दिवसांत खेळलो नाही.”

ते वळले. पाठ ताठ केली, डोळे मिटले. मी चांगला पेला वाजवला. तो असा खणखणला की त्याचा आवाज संपायची मला वाट पाहावी लागली. मग तडकलेला वाजवला. तो बद्द वाजला, लाकडासारखा.

“पुन्हा,” हे म्हणाले.

मी पुन्हा वाजवले.

“फसवतेस होय?” ते भिंतीकडे पाहतच म्हणाले. आवाजात जुनी ऐट होती. “दोन्ही तडकलेत.”

मी चमचा पदराला पुसला.

“बरोबर ना? दोन्ही तडकलेत.”

“एकच तडकलाय,” मी म्हटलं.

ते वळले. आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग पेल्यांकडे. चमचा माझ्या हातून घेतला. चांगला पेला कानाशी धरून वाजवला. परत वाजवला. मग पेल्याच्या काठावर हलकेच बोट टेकवून वाजवला आणि बोट तसंच ठेवलं. काच थरथरत होती ती बोटाला कळली असणार, कारण त्यांनी एकदम हात मागे घेतला.

“घड्याळ वाजतं?” त्यांनी विचारलं.

“रोज. सहाला.”

“आणि मी तीन वेळा सेल...”

“पाच वेळा.”

त्यांनी खिशातून नवे सेल काढून टेबलावर ठेवले. पाकीट फोडलेलं नव्हतं.

“त्याच्या हाताला काही झालेलं नाही?”

“नाही. आत्ता इथे वाजवून गेले. बटण शेवटपर्यंत फिरवलं होतं तुम्ही. बाळ दचकून रडलं.”

मला वाटलं चिडतील. पाणी मागतील, नाहीतर आतल्या खोलीचं दार लावून घेतील. ते उठले, पायात चपला सरकवल्या आणि व्हायोलिनची पेटी उचलली. आधी मुठीने धरली, मग दोन्ही हातांनी छातीशी घेतली, तान्ह्या मुलासारखी. जिन्यातून त्यांची पावलं खाली जाताना ऐकत मी उभी राहिले.

भावोजींकडे काय बोलणं झालं मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. तासाभराने दोघं वर आले तेव्हा भावोजी म्हणत होते, “बाटली, तू तडकलास तरी मोडीत कोण घेणार तुला?” आणि हे म्हणत होते, “हळू बोल, लाल फडकं बांधतोय.”

मी स्टूल ओढलं, तर ह्यांनी मला आत बोलावलं. आपल्या खुर्चीकडे बोट केलं.

“बस.”

“मी? मला काय कळतं त्यातलं?”

“कान आहेत ना? बस.”

त्यांनी स्वतःच्या हाताने हेडफोन माझ्या डोक्यावर चढवले, केस सारखे केले. भावोजींनी गज लावला. ते सूर थेट माझ्या कपाळात आले. ह्यांनी माझा हात धरून ‘बारीक’च्या बटणावर ठेवला. मी ते डावीकडे आणत गेले. हे माझ्या चेहऱ्याकडे पाहत होते, पूर्वी बाटल्यांच्या पट्ट्याकडे पाहत असतील तसे, एकटक. एका जागी माझ्या कपाळावरची आठी गेली असणार. माझ्या आधी ह्यांनाच कळलं.

“इथे,” ते म्हणाले.

मी चिकटपट्टीचा तुकडा कापला, त्यावर ‘इथे थांबा’ लिहिलं आणि बटणाशी, त्या जागेला लावला. ह्यांनी अंगठा त्यावरून फिरवला.

“‘थां’वरचं टिंब राहिलंय,” ते म्हणाले.

मी टिंब दिलं.

वाजवून झाल्यावर त्यांनी स्पीकर लावला आणि त्याच्या जाळीवर तळहात टेकवून उभे राहिले. धून संपली तरी हात काढला नाही.

“कसं आलंय?”

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “त्यांचंच आलंय.”

ह्यांनी मान हलवली. “टपाल, पाठव लेकीला,” ते म्हणाले, आणि फ्रीजची पिन लावायला गेले.

दुसऱ्या दिवशी सहाला घड्याळ वाजलं. हे जागे होते, छताकडे पाहत पडले होते. मी त्यांच्या खांद्याला हात लावला.

“वाजतंय.”

“हो का?”

त्यांनी उठून बसून हात लांब केला, आणि ऐकू आल्यासारखं ते बंद केलं.