वर नेलेलं विमान

रतिलालभाऊंनी नारळ फोडला आणि नेमकं त्याच वेळी विमान परत वर गेलं.

चाकं जमिनीपासून हातभरच राहिली होती. धुळ्याच्या धावपट्टीच्या कुंपणाबाहेर नशिराबादची निम्मी भावकी पिकअपमधून येऊन उभी होती. विमान चालवत होती हेमराजनानांची कामिनी, पहिल्यांदाच एकटी. रतिलालभाऊ नानांचे थोरले भाऊ. भावकीत नवा ट्रॅक्टर आला की नारळ त्यांच्याच हातचा. पण ट्रॅक्टर दारापर्यंत येऊन माघारी जात नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

"काय झालं व माय?" कामिनीच्या आईनं, कुंदाबाईंनी विचारलं.

"भेली असीन पोरगी," रतिलालभाऊ म्हणाले. हातातल्या भकलांचं काय करावं ते त्यांना सुचेना.

नानांना मात्र घरात कुणाला न सांगितलेली गोष्ट आठवली. गेल्या आठवड्यात, शिकवणारे सैफ सर शेजारी बसलेले असताना, कामिनीनं विमान आपटलं होतं. चेंडूसारखं उसळलं आणि पुढचं चाक वाकलं. "पुन्हा असं झालं तर घरी पाठवीन," सरांनी बजावलं होतं.

विमान वळसा घालून आलं. वारा आडवा घुसत होता. जमिनीजवळ येताच एक पंख कलला, इंजिन गरजलं आणि स्वारी पुन्हा आभाळात. आता भावकीत कुजबुज सुरू झाली. कुणीतरी हसलंसुद्धा. नानांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिसऱ्या खेपेला मात्र चाकं कधी टेकली ते कळलंच नाही. कुंदाबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

कामिनी फाटकाशी आली ती घामानं निथळत, पण ताठ. मागून सैफ सर आले आणि "उद्यापासून हिला एकटीलाच सोडतो," एवढंच बोलून गेले.

"दोनदा काहून वर नेलं व?" नानांनी विचारलं.

"नीट बसत नव्हतं, पप्पा. मांगच्या बारीले बी बसत नव्हतं. पण सर काय म्हनतीन म्हनून दाबून उतरवलं अन् आपटलं. आज तुमी सगये उभे दिसले मले. तरी म्हटलं, जमत नसीन तं वरच न्यायचं."

केळीचे घड भरले नसले की बांधावर आलेला व्यापाऱ्याचा ट्रक नाना रिकामा परत लावत. गाव हसे, कुंदाबाई दोन दिवस बोलत नसत. तोच हेकटपणा पोरीत उतरलेला बघून त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली.

परतताना पारोळ्याला चहासाठी थांबले. रतिलालभाऊ टपरीवाल्याला सांगत होते, "आमच्या पोरीनं इमान उतरवलं आज. एकटीनं."

नानांनी कप खाली ठेवला.

"भाऊ, त्याच्या आंधी दोनदा वर नेलं, ते बी सांगा," ते म्हणाले, आणि मग स्वतःच पहिल्यापासून सांगायला बसले.