परसातली माती

"दुर्गे, कळशी ठेव आणि इथं बस. लुगडं जरा वर घे."

सासूबाईंनी नडगीवर अंगठा टेकवला मात्र, दुर्गाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दोन्ही नडग्या आतल्या अंगाला सुजल्या होत्या.

"कधीपासून?"

"आठ-दहा दिवस झाले."

सोलापुरातल्या मुलींच्या एका शाळेत दुर्गा धाकट्या वर्गांना शिकवी. यंदापासून मुलींना कसरत सुरू व्हायची होती, आणि मोठ्या बाईंनी ते काम दुर्गाला देऊ केलं होतं. जमलं तर तिची तात्पुरती नोकरी कायम होणार होती. मात्र दोरीच्या उड्या स्वतः मारून दाखवायच्या होत्या. बघायला पुण्याहून तपासणीच्या बाई यायच्या होत्या. नवरा तापानं गेल्यापासून घरात सासू-सुना दोघीच, आणि घर दुर्गाच्याच पगारावर. म्हणून रोज दुपारी दार लावून ती माजघरातल्या शहाबादी फरशीवर उड्या मारी. सासूबाई तेव्हा देवघरात जप करत बसत. त्यांनी याबद्दल कधी अवाक्षर काढलं नव्हतं. विधवा सुनेचं हे उड्या मारणं त्यांना आवडत नसणार, असं दुर्गा धरून चालली होती. म्हणूनच पायांचंही ती बोलली नव्हती.

सासूबाईंनी विटेचा तुकडा चुलीत तापवला, फडक्यात गुंडाळला आणि नडग्या शेकायला घेतल्या.

"आता काही दिवस उड्या बंद."

"तपासणी पुढच्या महिन्यात आहे. तोवर नाही जमलं तर..."

"पाय कामातून गेल्यावर कुठली नोकरी करशील? आणि फरशीवर कशाला? बाहेर परस नाही का?"

"परसाचं कुंपण मोडलंय. लोक बघतात."

"बघतील ते माझ्याकडे बघतील," सासूबाई म्हणाल्या आणि वीट दुसऱ्या नडगीवर ठेवली.

पुढं एके दिवशी दुर्गा शाळेतून आली, तर परसात शेळीचं दूध घालणारी केराबाई खोऱ्यानं माती पसरत होती. ओढ्याकाठची भुसभुशीत माती तिनं पाट्या भरभरून डोक्यावरून आणली होती. शेजारी सासूबाई उकिडव्या बसून मातीतले खडे वेचत होत्या. एरवी सोवळ्याला जपणाऱ्या बाईंचे हात कोपरापर्यंत मळले होते.

"लई टणक हुती जागा, काकू," केराबाई म्हणत होती. "आता पाय कसा मऊ बसंल बगा. पर बाईस्नी म्हनावं, दमानं उडा."

"तूच सांग. माझं कुठं ऐकते ती?"

दोघी हसल्या. दुर्गा दारातच उभी राहिली.

सूज उतरल्यावर ती त्या मातीवर उड्या मारू लागली. उडी बेताची, जमिनीपासून बोटभर, आणि दुखू लागलं की थांबायचं. सासूबाई मोडक्या कुंपणापाशी पाट मांडून गल्लीकडे तोंड करून बसत, डोक्यावर विधवेच्या तांबड्या आलवणाचा पदर आणि हातात माळ.

एकदा शेजारच्या गोपाळराव कारकुनांनी विचारलं, "काकू, हे काय चाललंय घरात?"

"सून नोकरीची तयारी करतेय. तुमचं काही काम होतं का?"

गोपाळराव पुढं गेले.

तपासणीच्या दिवशी नडग्या थोड्या ठणकतच होत्या. दुर्गानं ते पुण्याच्या बाईंना आधीच सांगितलं आणि जमल्या तेवढ्याच उड्या मारल्या.

बाईंनी विचारलं, "मग मुलींना कुठं शिकवाल? अंगणात?"

"अंगणात फरशी आहे. मागच्या मैदानात शिकवीन, मातीवर."

बाईंनी मान हलवली. नोकरी कायम झाली.

त्या संध्याकाळी सासूबाई चटईवर आडव्या झाल्या होत्या. दुर्गानं बातमी सांगितली, तेव्हा त्या नुसतं "बरं झालं" म्हणाल्या. दुर्गा त्यांच्या पायथ्याशी बसली आणि तिनं त्यांचे पाय मांडीवर घेतले.

"असू दे गं," म्हणत त्यांनी ते मागं ओढले.

तिनं ते पुन्हा घेतले. सणावारी ती या पायांवर डोकं टेकवत आली होती, पण हातात कधी घेतले नव्हते. टाचांना खोल भेगा होत्या. वाटीतलं एरंडेल बोटावर घेऊन ती एकेक भेग भरू लागली. थोड्या वेळानं सासूबाईंनी डोळे मिटले.