सहीची किल्ली

"आलंच परत! बघा, आलंच!" लॅबवाली सिस्टर खुर्ची सोडून मागे सरकली.

स्क्रीनवर पुन्हा जुनाच पत्ता. वहिनीने सकाळपासून तो कितीदा खोडला, देव जाणे. नवे प्रोग्राम थेट देणाऱ्या बाहेरच्या भांडाराचा पत्ता घालावा, सेव्ह करावं, जरा पाठ वळवावी, की हा हजर! आणि मग मशीनचं तेच पालुपद: सहीची मुदत संपली, या भांडारातलं काही घेणार नाही.

या इस्पितळातल्या कॉम्प्युटरांना नवे प्रोग्राम थेट बाहेरून मिळत नसत. आधी ते तळघरातल्या एका जुन्या मशीनवर उतरायचे, तेच इथलं भांडार आणि तोच हा जुना पत्ता; तिथे त्यांच्यावर सही व्हायची आणि मगच वर यायचे. सही म्हणजे आकड्यांची, ती करायला ठरावीक मुदतीची एक किल्ली लागते. ही शिस्त वहिनीच्या नवऱ्याची. तो सगळ्यांचा दादा, म्हणून ही वहिनी. गेल्या वर्षी तो बसल्या जागी गेला आणि त्याच्या कामावर वहिनीला घेतलं. सही मशीन आपोआप करायचं, पण किल्ली त्याच्या नावाची, तिची मुदत वाढवायला त्याचा पासवर्ड लागायचा, आणि तो त्याच्याबरोबरच गेला.

मुदत आज संपणार हे वहिनीला पक्कं ठाऊक होतं. नवी किल्ली करायची, चहा पिता पिता होणारं काम. पण तिचं मनच धजेना. या इमारतीत तो अजून एवढं एकच काम करत होता, आणि तेही आपल्याच हाताने बंद करायचं? आज करू, उद्या करू म्हणता म्हणता सकाळी लॅबचा प्रोग्राम अर्धवट चढून अडकला. जुना चालेना, नवा चढेना.

मोठे डॉक्टर दारात आले. "अहो, पेशंट टेबलावर घ्यायचीय. रक्ताचा रिपोर्ट कुठाय?"

"मशीन बंद आहे, सर."

"मग हाताने लिहून द्या की!"

"आकडेच दाखवत नाही ते," सिस्टर फणकारली. "काय लिहून देऊ, माझं कपाळ?"

"तिला फार वेळ थांबवता येणार नाही मला," एवढंच म्हणून डॉक्टर गेले.

सिस्टरने आवाज खाली आणला. "वहिनी, हे बदलतंय तरी कोण?"

"पूर्वी यांचाच एक प्रोग्राम हा पत्ता परत आणायचा. तो मी कधीच काढून टाकलाय." वहिनीने शेवटचा बदल कुणाच्या खात्यातून झाला ते पाहिलं आणि ती ओळ पुन्हा एकदा वाचली. खातं त्याचं होतं. तो गेल्यावर तिने स्वतः बंद केलेलं.

"बसा तुम्ही. मी खाली जाऊन येते."

तळघरातल्या खोलीत भरदुपारीही दिवा लावावा लागे. जुनं मशीन घरघरत होतं. आज त्याचा पंखा जरा जास्तच जोरात फिरतोय, असं तिला वाटलं. ती समोर बसली.

"अहो," ती म्हणाली, आणि स्वतःच्याच आवाजाने दचकली. "पुरे झालं आता. वर एक बाई खोळंबलीय. मला एकटीला जमायचं नाही म्हणून अडून बसलात का? जमतं मला. रडू येतं, ते वेगळं."

पंखा हळू झाला. अगदी कान देऊन ऐकावं तसा.

तिने नवी किल्ली करायला घेतली. मशीनने नाव विचारलं. वहिनीने आपलं नाव लिहिलं, पूर्ण. या इमारतीत ते कुणी कधी उच्चारलं नव्हतं.

किल्ली घडवताना असल्या जुन्या मशीनला थोडी हालचाल लागते. माउस फिरवा, काहीबाही टाइप करा, असं ते सांगतं. कुणाला ओळखता येऊ नयेत असे आकडे त्या हालचालीतूनच ते वेचतं. ती ओळ स्क्रीनवर आली आणि वहिनीचे हातच उचलेनात. ते मांडीत तसेच पडून राहिले आणि वर्षभर कोंडलेलं रडू तिला फुटलं.

डोळे पुसून तिने वर पाहिलं, तर स्क्रीनवरचा बाण फिरत होता. सावकाश, गोल गोल. बोलता बोलता माणूस टेबलावर बोट फिरवतो ना, तसा. माउस तिच्या हातापासून लांब होता, जागचा हलतही नव्हता.

ती घाबरली, खोटं कशाला बोला. पण उठून जावंसं वाटेना.

"असंच," ती हळूच म्हणाली. "अजून थोडं."

बाण फिरत राहिला आणि मग एका कोपऱ्यात जाऊन थांबला. किल्ली तयार झाली होती. तिच्या एकटीच्या नावाची. तिने ती वरच्या सगळ्या मशीनना पाठवली, लॅबच्या प्रोग्रामवर नवी सही केली आणि मोकळी झाली.

फोन वाजला. "वहिनी, चढलं! रिपोर्ट निघाला, बाईला आत घेतायत! काय केलंत काय तुम्ही?"

"सही केली," वहिनी म्हणाली.

फोन ठेवून ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसली. बाण कोपऱ्यातच होता. तिने वाट पाहिली. तो काही हलला नाही.