चौथ्या सहीचा कोपरा

सगळा दोष बापाचा. माझ्या नव्हे, माझ्या मालकाच्या. मी एका छोट्या रेकॉर्डचं कागदी पाकीट बोलतोय, आणि मी गोड बोलणार नाही.

रॉक अँड रोल नुकतं रांगायला लागलं होतं, तेव्हा मी छापला गेलो. मालकाच्या आत्यानं थिएटरच्या मागच्या दाराशी उभं राहून माझ्यावर गायक, गिटारवाला आणि बेसवाला अशा तिघांच्या सह्या मिळवल्या. ड्रमवाला सिगारेट आणायला गेला होता. कलाकार!

मरताना आत्यानं मला भाच्याच्या, म्हणजे माझ्या मालकाच्या, हाती दिलं. म्हणाली, "चौथी तेवढी राहिली रे." भाचा तेव्हा कॉलेज सोडून सलूनमध्ये लोकांचे केस कापायला लागलेला. घरात त्याला चांगलं बोलणारी ती एकटीच.

त्याचा बाप रिटायर झाला आणि लॅमिनेशनचं मशीन घेऊन आला. विजेची बिलं झाली, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या झाल्या. घटस्फोट झालेल्यांच्या लग्नपत्रिकासुद्धा सोडल्या नाहीत.

मग बातमी आली. चौघांतला एकटा जिवंत ड्रमवाला गावात वाजवायला येतोय. मालकानं त्या दिवशी दोनदा दाढी केली. तो अंघोळीला गेला, तेवढ्यात बापानं माझ्या पोटातली रेकॉर्ड काढली आणि मला मशीनमध्ये सरकवलं. अंगाची लाही झाली.

"बाबा! आता सही कुठे घेऊ?"

"वरूनच घे की. चकचकीत दिसेल. आमच्या वस्तू बघ, एक खराब नाही!"

कार्यक्रम संपल्यावर ड्रमवाल्यानं माझ्यावर मार्कर टेकवला. सही झाली, बोट लागलं, पुसली. "याच्यावर जेवण वाढता येईल बाळा," तो म्हणाला. "सकाळी माझी गाडी आहे. तोवर कागद मोकळा करून आण, करतो."

सोबत आलेल्या बापानं तेवढ्यात औषधाच्या दुकानाची पावती पुढे केली. तिच्यावर झोकदार सही मिळाली. घरी आल्याआल्या त्यानं ती लॅमिनेट केली.

मालकानं दुकानातला केस वाळवायचा ड्रायर आणला. मला शेकत शेकत प्लॅस्टिकची कड उचलली.

"हळू," बाप मागून म्हणाला. "तुला कशाची म्हणून घाई! दे इकडे." आणि त्यानं ओढलं.

चौथ्या सहीसाठी राखलेला कोरा कोपरा सालीसारखा निघाला, वरची गायकाची सही घेऊन.

वडीलधाऱ्यांनो, माया करायची तर जरा लांबून करा.

मालक सकाळी स्टेशनवर गेला नाही. त्याच्याकडे तीन सह्या होत्या. दोन उरल्या.