बस्त्याच्या गादीवरचं भांडण

बद्रीनाथ शेठच्या कापड दुकानात दोन गोष्टी फुकट मिळायच्या. एक चहा, आणि दुसरं मुकुंद आणि बानाचं भांडण. लग्नाचा बस्ता बांधायला खुलताबाद-कन्नडकडून जीप भरभरून माणसं यायची, आणि खोटं कशाला बोला, त्यातली निम्मी भांडणासाठीच क्रांती चौक गाठायची.

भांडणाचं मूळही बस्त्यातच होतं. दुकानाचा रिवाज असा, की जो गिऱ्हाइकापुढं पहिली साडी उलगडेल आणि ज्याच्या हातातल्या साडीला नवरीची आई हळदकुंकू लावील, तो बस्ता शेवटच्या टोपी-टॉवेलापर्यंत त्याचा. दुसऱ्यानं घडीला हात लावायचा नाही. मुकुंद शहरातल्या ब्राह्मणाघरचा, वडील कोर्टात कारकून. जीभ अशी गोड, की माणूस रुमाल घ्यायला येऊन सूट घेऊन जाई. बाना खुलताबादकडच्या धनगराची पोर. तिचे वडील, कारभारी, मेंढरं विकून वाळूजच्या एका कारखान्याच्या गेटावर वॉचमन झाले होते. गावाकडच्या बाया तिच्याच गादीवर बसायच्या. एकदा मुकुंदनं तिच्यापुढची गिऱ्हाइकं 'इकडे या, इथे पंखा आहे' म्हणून पळवली, आणि त्या दिवसापासून दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य झालं.

"मुकुंदशास्त्री, पंख्यानं वारा येतो, अक्कल नाय येत," बाना साऱ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणायची.

"बानाबाई, हे दुकान आहे, मेंढवाडा नाही," तो म्हणायचा. की मग झालं सुरू.

नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. आज मोर्चा, उद्या बंद. एका दुपारी चौकातून घोषणा आल्या आणि बाजारातली शटरं धडाधड खाली आली. सगळे मागच्या गल्लीतून घरी पळाले. राहिले हे दोघं, कारण दोघांच्याही गादीवर अर्धा बस्ता तसाच पसरलेला, आणि पसारा टाकून गेलं तर शेठ सोलून काढायचा. शालूची घडी एकट्याला येत नाही. समोरासमोर उभं राहून चार टोकं धरायची, जवळ यायचं, टोकं एकाच्या हातात द्यायची, मागं सरायचं. पहिल्या काही घड्या दोघांनी तोंडं वाकडी करून घातल्या. मग बाना हसली. मग तोही हसला. शेवटी शेवटी घातलेल्या घड्या मोडून परत घातल्या, आता बोला!

त्यानंतर भांडण थांबायला हवं होतं. पण थांबलं असतं तर दुकानाला सुगावा लागला असता. शेठनं एकाला काढलं असतं, मुकुंदच्या घरी गहजब झाला असता, आणि कारभारींनी लेकीला घरात बसवलं असतं. म्हणून दोघांनी भांडण चालूच ठेवलं. मागच्या गल्लीत चहा पिताना विषय ठरायचा.

"आज पंख्यावरून?"

"नगं, परवाच झालं. आज कात्रीवरून."

बानाला याची लई गंमत वाटायची. सगळं दुकान फसतंय आणि खरं काय ते आपल्या दोघांनाच ठाऊक, या सुखावर ती दिवसचे दिवस तरंगत होती.

मग शेठनं वाळूजला नवं दुकान काढायचं ठरवलं. कारखान्यांतल्या पोरांच्या हातात पगार खुळखुळायला लागला होता. तिथली गादी सांभाळायला कुणीतरी मुख्य हवं होतं. इकडे कारभारींनी बानासाठी कन्नडचं स्थळ बघून ठेवलं होतं. लेक हट्टाला पेटली तेव्हा ते म्हणाले, "ती वाळूजची जागा भेटली तर लग्नाचं नाव काढणार नाय. नाय भेटली तर मुकाट्यानं बोहल्यावर उभं राहायचं."

बानानं हे मुकुंदला सांगितलं. "जागा तुझीच," तो म्हणाला. "बस्ते तुझेच जास्त. तू तिथे बसलीस की मी तुझ्या वडिलांकडे येतो. शपथ." बानानं त्या शपथेवर आपला सारा जन्म ठेवून दिला.

शेठनं दोघांना गादीवर बोलावलं. सारे नोकर भोवती. शेठनं मुकुंदला विचारलं, "बानाला वाळूजला पाठवू का?"

"हिला?" मुकुंद म्हणाला. "गिऱ्हाइकाशी बोलायची रीत नाही. सरळ माणसं पळून जातील. पाठवायचंच तर मला पाठवा, हिला हाताखाली द्या. शिकवीन."

हा विषय काही ठरलेला नव्हता. पण बाना मनात म्हणाली, वा रे गड्या, आयत्या वेळी बरं सुचलं! आता भाव खाऊन पुढं माझंच नाव घेणार. मग ती मागं कशी राहील? तिनं कंबरेवर हात ठेवले. "याच्या हाताखाली? त्यापरीस मी मेंढरं वळीन! याच्यासंगं वाळूजला पाय टाकणार नाय, लिहून घ्या!"

दुकान खो खो हसलं. बानानं हसू दाबून मुकुंदकडे पाहिलं. तो गादीकडे बघत होता.

"मग मिटलंच की," शेठ म्हणाला. "मुकुंद वाळूजला. तू इथंच राहा, बाई. हा आठ दिवसांपूर्वीच बोलला होता मला. म्हणाला, सगळ्यांपुढं विचारा, तीच नको म्हणेल."

आठ दिवसांपूर्वी! त्यानंतरही त्यानं तिच्या बशीतला चहा प्यायला होता, त्यानंतरच शपथ घेतली होती. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

तोवर कन्नडचं एक वऱ्हाड गादीवर येऊन टेकलं होतं. बाना त्यांच्यासमोरच मुकुंदपुढं जाऊन उभी राहिली. "मला लग्नाचा शब्द दिलास तू," ती म्हणाली. तिनं त्याला चारचौघांत तोंडावर कधी 'तू' म्हटलं नव्हतं. "माझ्याच तोंडून माझी जागा काढून घेतलीस. सांग यांना. आपण काय बोलत होतो ते सांग!"

"अगं बाई, आज नवा विषय!" काउंटरवरच्या दमयंतीबाई टाळी वाजवून म्हणाल्या. शेठ पोट धरून हसला. वऱ्हाडातल्या बायकांनी पोरांना पुढं सरकवून बसवलं. बानाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तसा कुणीतरी म्हणालं, "रडती बी खऱ्यासारखी!"

"खरं हाय, देवाशप्पथ खरं हाय," ती एकेकाच्या तोंडाकडे बघत म्हणाली. ज्या भांडणावर त्यांनी वर्षभर पोट धरून हसून घेतलं, तेच ते बघत होते.

"थांबू नगं, पोरी," वऱ्हाडातली म्हातारी कौतुकानं म्हणाली. "आता ह्यो काय म्हनतो ते ऐकू दे."

मुकुंदनं वऱ्हाडापुढं पहिली साडी उलगडली. बोलायची त्याला गरजच नव्हती.